हजेरीपासून मोबाईलपर्यंत : पाळत कुणावर आणि हिशेब कुणाकडे?

दहशतवाद संपवायचा आहे की नाही, असा प्रश्न विचारून समोरच्या माणसाला गप्प करण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. पाळतीच्या कायद्याबद्दल कुणी शंका काढली की हा प्रश्न तयारच असतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : तुम्ही काही केलेच नसेल, तर घाबरता कशाला? जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांत, मंचर-नारायणगावच्या चहाच्या टपऱ्यांवर हे दोन्ही प्रश्न आता आपलीच शिकलेली मुले आपल्याला विचारू लागली आहेत. त्यांना चिडून उत्तर देऊन भागणार नाही. कायद्याच्या आणि आपल्या इतिहासाच्या आधाराने उत्तर द्यावे लागेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. होय, दहशतवाद संपलाच पाहिजे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात १७ जणांचा जीव गेला. त्याआधी ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये बॉम्ब फुटले आणि घरी परतणारे शेकडो नोकरदार, कष्टकरी मारले गेले किंवा जायबंदी झाले. बॉम्ब जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. निरपराध माणसाचा जीव घेणाऱ्या कृत्याचे समर्थन तथागतांच्या धम्मात कुठेही नाही आणि बाबासाहेबांच्या संविधानातही नाही.

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला असूच नये, असेही आमचे म्हणणे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी पाकिस्तानातल्या आपल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते. ते बोलणे तपास यंत्रणांनी ऐकले, नोंदवले आणि कसाबच्या खटल्यात तो महत्त्वाचा पुरावा ठरला. ठरावीक फोन, ठरावीक कारण आणि नंतर न्यायालयापुढे तपासणी असेल, तर पाळतीचा उपयोग होतो. मात्र त्याच हल्ल्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधीच आल्या होत्या. कमतरता माहितीची नव्हती, माहितीवर काम करणाऱ्या व्यवस्थेची होती. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने या हाताळणीवर बोट ठेवले होते.

बिबट्याचा धडा

जुन्नरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला दिल्लीची उदाहरणे लागत नाहीत. आपल्या उसाच्या फडातला बिबट्याच पुरेसा आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले वाढले. लोक संतापले आणि वनखात्याने पिंजरे लावण्याचा सपाटा सुरू केला. जो बिबट्या पिंजऱ्यात येईल तो पकडायचा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचा. हल्ला त्याच बिबट्याने केला की दुसऱ्याने, याची खातरजमा होत नव्हती. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या प्रकाराचा अभ्यास केला. त्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा निघाला की बिबटे असे उचलून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले.

याचा अर्थ बिबट्याचे भय खोटे होते असा नाही. ज्याचे लेकरू गेले त्याचे दुःख खरेच होते. पण भय खरे असले म्हणून त्यावरचा प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. पिंजऱ्यात काहीतरी सापडले याचा अर्थ गाव सुरक्षित झाले असा होत नाही.

दहशतवादाच्या खटल्यांत हेच घडलेले आपण पाहिले आहे. २००६ च्या मालेगाव स्फोटात नऊ मुस्लिम तरुणांना पकडले गेले. पुढे तपासाची दिशाच बदलली आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात मोक्का न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना शिक्षा दिल्या, त्यांतल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत, हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. १९ वर्षांनंतर आज मृतांच्या नातेवाइकांच्या हाती काय आहे? न्याय मिळालेला नाही आणि उत्तरही नाही. चुकीच्या माणसाला पकडले की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, एवढे साधे गणित आहे. म्हणून नागरिकाचे हक्क जपणे म्हणजे दहशतवाद्याला सवलत देणे नव्हे. तपास खऱ्या आरोपीपर्यंत पोचावा, यासाठीच त्या हक्कांची गरज असते.

पाळतीची सुरुवात आपल्यापासूनच

आता दुसरा प्रश्न. काही केले नाही, तर घाबरायचे कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला या देशातल्या पाळतीचा इतिहास माहीत नसावा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, काही भागांत मातंग, अशा कितीतरी समाजांतली माणसे जन्मतःच संशयित ठरली. त्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचे तर पास घ्यायचा. या लोकांनी काय केले होते? काही नाही. ते फक्त एका जातीत जन्मले होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्याने घेतली आणि पोलिसांच्या डोक्यातली यादी तशीच राहिली. आजही चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी जीप जाते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले की मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावे पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे घातली जात नाहीत ना, हे तपासा.

आदिवासींची गोष्ट वेगळी नाही. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी केंगले हा महादेव कोळी तरुण १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध उठला. इंग्रजांच्या दफ्तरात तो दरोडेखोर होता. आज सह्याद्रीतला आदिवासी त्याला क्रांतिवीर म्हणून मान देतो. दफ्तर लिहिणारा कोण, यावर माणसाची ओळख ठरते.

आणि स्वतः बाबासाहेब? त्यांच्या सभांवर इंग्रज सरकारच्या गुप्त पोलिसांची नजर होती. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये चळवळीच्या साधनग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात मुंबई पोलिसांच्या गुप्त अहवालांतल्या नोंदी छापलेल्या आहेत. आपल्या चळवळीच्या इतिहासाचा काही भाग आपण आज पोलिसांच्या टिपणांतून वाचतो. तेव्हा ज्या माणसावर राज्यसत्ता पाळत ठेवत होती, त्याच माणसाने पुढे या देशाची राज्यघटना लिहिली. पाळतीखाली असलेला माणूस देशाचा शत्रू असतो असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांनी काय मागितले होते

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी १९४७ मध्ये घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. आपण त्यातला शेतजमिनीचा आणि राज्य समाजवादाचा भाग नेहमी सांगतो. त्याच निवेदनात मूलभूत हक्कांच्या यादीत आणखी एक हक्क आहे. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती किंवा जप्ती होता कामा नये, आणि सबळ कारण असल्याशिवाय वॉरंट निघू नये. अस्पृश्य समाजाच्या हक्कांच्या निवेदनात हे कलम घालावे असे बाबासाहेबांना का वाटले? कारण झडतीचा पहिला घाव कुणाच्या झोपडीवर पडतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी याच आशयाची सुधारणा मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण विधिमंडळाला ती केव्हाही बदलता येते, म्हणून ती घटनेत असणे हिताचे, असा त्यांचा विचार होता. अखेरीस ती सुधारणा घटनेत आली नाही. पुढे कायद्याच्या यथोचित प्रक्रियेचे तत्त्वही मसुद्यातून गळाले. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी आज अनुच्छेद २२ म्हणून ओळखली जाणारी तरतूद मांडली : अटकेचे कारण सांगणे, वकील मिळणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे. जे निसटले त्याची थोडी तरी भरपाई व्हावी, हा त्यामागचा हेतू त्यांनी उघड बोलून दाखवला.

झडतीविरुद्धचा हक्क घटनेत शब्दाने आला नाही, त्याची किंमत देशाने पुढे सत्तर वर्षे मोजली. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग नावाच्या माणसाला दरोड्याच्या संशयावरून पकडले आणि पुरावा नाही म्हणून सोडले. तरीही पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली आणि रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावायला सुरुवात केली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी बंद केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे म्हटले. हे वाक्य पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, हेतू रास्त हवा, उपाय हेतूच्या प्रमाणात हवा आणि गैरवापर रोखण्याची तजवीज हवी.

कागदावरचे कुलूप

आज फोन ऐकण्याचा अधिकार कुठून येतो? पूर्वी तो १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून येत असे. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेले त्याचे नियम आहेत. इंटरनेट आणि संगणकासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे. संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का आहे. सगळ्यांचा सांगाडा एकच : पोलीस मागणी करणार, गृहखात्याचा सचिव मंजुरी देणार आणि सचिवांचीच समिती त्याचा आढावा घेणार. न्यायाधीश कुठेच नाही. १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगवर अटी घातल्या, परंतु न्यायालयाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली नाही. भिंत बांधली, पण दार तसेच उघडे राहिले.

या आढावा समितीचे काम कसे चालते? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात त्याचे चित्र दिले आहे. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या आढावा समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासण्याचे अशक्य काम असते. वाचकांनीच विचार करावा. एका बैठकीत १५,००० कागद कोण वाचू शकतो? ही तपासणी नव्हे, हा शिक्का मारण्याचा कार्यक्रम झाला.

याच सांगाड्यातून गैरप्रकार बाहेर येतात. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एकही कारण तेथे नव्हते. २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला, त्यातला आरोप असा होता की लोकप्रतिनिधीचे फोन भलत्याच नावाने, अमली पदार्थांच्या तपासाचे निमित्त करून ऐकले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते प्रकरण रद्द केले. आरोप खरा की खोटा याचा निवाडा पुराव्यावर कधी झालाच नाही. आमदाराची ही अवस्था असेल, तर डिंभ्याच्या धरणामागे राहणाऱ्या माणसाने कुणाकडे दाद मागायची?

सीडीआरचा प्रकार याहून सोपा आहे. कुणी कुणाला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरखालून फोन केला याची ती नोंद. तिच्यासाठी गृहसचिवांच्या आदेशाचीही गरज नसते. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांची टोळी पकडली. राष्ट्रसुरक्षेसाठी साठवलेली माहिती बाजारात विकली जात होती. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने यावर काही उपाय होईल असे वाटले होते, पण त्याच्या कलम १७ ने केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट देण्याची मुभा दिली. याच कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) बदलून अधिकाऱ्यांची माहिती मागण्याची वाट मात्र अरुंद केली. नागरिकाचे घर सरकारला उघडे आणि सरकारचे दफ्तर नागरिकाला बंद, असा हा उलटा व्यवहार आहे.

भीमेच्या काठावर

भीमा नदी आपल्या डोंगरात, भीमाशंकरला उगम पावते आणि पुढे कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाजवळून वाहत जाते. दरवर्षी १ जानेवारीला जुन्नर-आंबेगावमधून आपली माणसे कुटुंबासह मानवंदनेला जातात. १ जानेवारी २०१८ रोजी तेथे हल्ला झाला. त्याच्या तपासातून जे प्रकरण उभे राहिले त्यात एकूण १६ लेखक, वकील, प्राध्यापक, कार्यकर्ते, कलावंत यूएपीएखाली तुरुंगात गेले. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना २०२० च्या १४ एप्रिलला, म्हणजे नेमके भीमजयंतीला, शरण जावे लागले. त्यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन मिळाला. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच गेले. सुधीर ढवळे यांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा त्यांच्या अटकेला साडेसहा वर्षे होऊन गेली होती आणि तोपर्यंत आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते. याआधी २०११ मध्येही त्यांना अशाच आरोपाखाली अटक झाली होती आणि ४० महिन्यांच्या तुरुंगवासानंतर ते निर्दोष सुटले होते.

या खटल्यातला मुख्य पुरावा संगणकातला आहे. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये अहवाल दिला की आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस सोडून बाहेरून फाइली टाकल्या गेल्या होत्या. एनआयएला हा अहवाल मान्य नाही. खरे-खोटे न्यायालय ठरवेल आणि वकील म्हणून मी निकालाआधी निकाल देणार नाही. पण एक गोष्ट निकालाची वाट न पाहता सांगता येते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने स्वतः ज्यांना कळवले की तुमच्या फोनवर पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने हल्ला झाला, त्यांत डॉ. तेलतुंबडे होते आणि याच प्रकरणातल्या आरोपींचे वकील निहालसिंग राठोडही होते. पेगासस बनवणारी कंपनी म्हणते की ती हे फक्त सरकारांना विकते. सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने २०२२ मध्ये २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगाससच होते असे सिद्ध झाले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, अशी नोंद झाली. ज्या सरकारला नागरिकाच्या खिशातल्या फोनमधले सगळे हवे आहे, ते न्यायालयाने विचारले तर स्वतःचे काहीच सांगत नाही.

वकिलाचा फोन ऐकला जात असेल तर अशील मोकळेपणाने बोलेल का? आणि अशील वकिलाशी बोलणार नसेल तर अनुच्छेद २२ मधल्या वकिलाच्या हक्काला काय अर्थ उरतो?

घटनात्मक मार्ग मोकळा हवा

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जन सुरक्षा विधेयक मंजूर केले. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदल झाले, कडव्या डाव्या संघटनांपुरताच हा कायदा आहे असे सांगितले गेले. पण 'तत्सम संघटना' हे शब्द राहिले. प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणे यासारख्या सैल शब्दांत बेकायदेशीर कृत्याची व्याख्या केली गेली, यावरच सर्वांत मोठा आक्षेप होता. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सुरू झालेला सत्याग्रह या शब्दांत बसवायला कितीसा वेळ लागला असता? जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींचा हिरडा गेला. भरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे आणि उपोषणे करावी लागली. त्यांचे आंदोलन उद्या कुणाला अवज्ञा वाटले तर?

येथे कुणी म्हणेल की खुद्द बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सत्याग्रह आणि कायदेभंग सोडून द्यायला सांगितले होते. बरोबर आहे. पण ते भाषण पूर्ण वाचले पाहिजे. घटनात्मक मार्ग मोकळे असतील तेव्हा दुसऱ्या मार्गांचे समर्थन होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे घटनात्मक मार्ग मोकळा ठेवणे ही राज्यकर्त्यांची अट झाली. सभा घेणे, पत्रक काढणे, संघटना बांधणे, वकिलाशी बोलणे हाच तो मार्ग आहे. त्याच मार्गावर गोपनीय शाखेचा माणूस उभा केला, कार्यक्रमाआधी कार्यकर्त्यांना प्रतिबंधक नोटिसा दिल्या, पोरांचे मोबाईल चाळले, तर बाबासाहेबांनी दाखवलेला रस्ताच बंद होतो. आणि हा रस्ता बंद झाल्यावर तरुण कुठे जाईल? राज्याच्या सुरक्षेची खरी काळजी असणाऱ्याने याचे उत्तर द्यावे.

मागणी आणि तयारी

आमची मागणी अवघड नाही. फोन ऐकण्याची परवानगी न्यायाधीशाने द्यावी. तातडीच्या वेळी पोलिसांनी आधी ऐकावे, पण ठरावीक मुदतीत न्यायालयापुढे यावे. तपास संपल्यावर, गुन्हा निघाला नाही तर त्या नागरिकाला कळवावे की तुझ्यावर पाळत होती. बेकायदा पाळत ठेवणाऱ्याला शिक्षा आणि पाळतीत भरडलेल्याला भरपाई मिळावी. आणि दरवर्षी आकडे जाहीर करावेत. ही शेवटची मागणी तर नवीनही नाही. मोक्काच्या कलम २७ नुसार फोन टॅपिंगचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, किती खटले उभे राहिले, याचा वार्षिक अहवाल राज्य सरकारने विधिमंडळात ठेवायचा असतो. जुन्नर आणि आंबेगावच्या आमदारांना आपल्या कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न लेखी विचारावा : हा अहवाल तुम्ही कधी वाचला?

दरम्यान आपणही तयार राहिले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. ते झाले नाही तर पंचनाम्यावर तसे लिहून मागावे. मोबाईल किंवा लॅपटॉप जप्त झाला तर त्याची हॅश व्हॅल्यू पंचनाम्यात नोंदवायला सांगावे. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या साठ्याच्या बोटाचा ठसा. नंतर आत एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रातही तो द्यावा लागतो. कलम ३५(३) ची नोटीस आली तर घाबरून पळू नये, हजर राहावे, पण वकिलाला कळवून जावे. कोऱ्या कागदावर सही करू नये. व्हॉट्सॲप गटात दुसऱ्याने काही टाकले म्हणून गटाचा ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयात त्यासाठी एक पैसाही लागत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तेथे उत्पन्नाची अटही नाही.

प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार या माहितीसाठी ठेवावा. वंदना झाल्यावर अर्धा तास संविधानाचा वर्ग घ्यावा. तरुणांनी अनुच्छेद २०, २१ आणि २२ पाठ करावेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हजेरी द्यायला चावडीवर जावे लागत होते. आज चावडी आपल्या खिशात आली आहे आणि हजेरी आपल्याला न विचारता लागते. हजेरी घेणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार मात्र आपल्याला संविधानाने दिला आहे. तो वापरला नाही तर तो कागदावरच राहील. जयभीम.